न्यूट्रल तुटल्यावर घरातलं काय वाचतं, काय जळतं आणि का

चिरेबंदी

पावसाळा तोंडावर आला की हा विषय निघतो आणि दरवर्षी "देवाची कृपा, थोडक्यात वाचलो" इथे येऊन थांबतो. या धाग्यात ते "थोडक्यात" म्हणजे किती आणि कशामुळे, एवढंच बघू. वायरिंगचं किंवा बोर्ड दुरुस्तीचं काम येणाऱ्यांनी भर घालावी. किस्से नकोत, आकडे द्या.

उदाहरणाला आपल्या गोव्यातलं नेहमीचं घर घ्या. मंगळुरी कौलं, सिंगल फेज, खांबावरून आलेली दोन तारांची सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, ४० अँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा) आणि खाली सहा एमसीबी (जादा करंटला पडणारे). पहिल्या वाऱ्यात माडाचं चुडत (झावळी) लाईनवर पडलं आणि तिथल्या सामाईक न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) जोड उडाला. दिवे डोळे दिपतील एवढे पेटले, पंखे घोंगावले, दोन-तीन मिनिटांत कुणीतरी मेन पाडला.

अशा घरात नंतर जे सापडतं त्याचा साचा ठरलेला आहे. एलईडी बल्ब अर्धेअधिक गेलेले. सेट टॉप बॉक्सचा आणि वायफायचा अडॅप्टर फुटलेला. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा) पंखा बंद, पण त्याच खोलीतला जुना साधा पंखा ठणठणीत. टीव्ही "मेलेला", पण उघडला तर आत फक्त फ्यूज काळा आणि त्यामागची निळी चकती तडकलेली. फ्रीज चालू, त्याचा स्टॅबिलायझर मात्र गेलेला. इन्व्हर्टर आपणहून बॅटरीवर गेलेला आणि त्याच्या लाईनवरचं सगळं शाबूत.

आता कारणं. साध्या पंख्याचा कॅपॅसिटर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा असतो. न्यूट्रल तुटल्यावर घरात ३५०-३८० व्होल्ट येऊ शकतात (कुठून, ते खाली येईल), तेवढ्याला तो फुटत नाही. मोटर तापते, पण दोन-तीन मिनिटं काढते. बीएलडीसीत ही मोकळीक नाही, कारण तिथे आधी रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि मग बोर्ड. घरगुती इन्व्हर्टर साधारण २६० व्होल्टच्या वर गेलं की रिलेनं मेन सोडून देतो. स्टॅबिलायझरला "हाय कट" असेल तर तो तोडतो, नसेल तर आलेलं व्होल्टेज तसंच पुढे ढकलतो. विकत घेताना हा एक शब्द डब्यावर शोधायचा, बाकी मीटर आणि दिवे शोभेचे.

टीव्हीचं उत्तर सिरीज_बल्ब देतील.

सिरीज_बल्ब

देतो. टीव्हीच्या पॉवर बोर्डावर मेनमधून शिरताच क्रम असा: फ्यूज (बहुधा ३.१५ अँपिअर, २५० व्होल्ट), मग फेज-न्यूट्रलमध्ये आडवा बसवलेला एमओव्ही (तीच निळी चकती, व्होल्टेज फार चढलं की वाहायला लागणारी), मग फिल्टर, ब्रिज (रेक्टिफायर) आणि ४५० व्होल्टचा मोठा कॅपॅसिटर. एमओव्हीवर १४डी४३१ किंवा १४डी४७१ असं छापलेलं असतं. १४ म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, ४३१ म्हणजे ४३ पुढे एक शून्य, ४३० व्होल्ट. एवढ्यावर तो वाहायला लागतो. एसीत त्याची कायमची मर्यादा २७५ व्होल्ट.

२३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट, त्यामुळे रोज एमओव्ही झोपलेला असतो. ३८० झाले की शिखर ५३७. सेकंदाला शंभर वेळा ते ४३०च्या पलीकडे जातं, प्रत्येक शिखराला एमओव्ही वाहतो, तापतो, शॉर्ट होतो आणि पुढचा फ्यूज उडवतो. पाच-दहा रुपयांचा भाग मेला म्हणून बोर्ड जगला. यात नशीब एवढंच की फ्यूज एमओव्हीच्या आधी होता आणि तो खरा फ्यूज होता. कुणी आधीच्या दुरुस्तीत तिथे तार टाकलेली असेल तर एमओव्ही जळत राहतो, बोर्डाला भोक पडतं आणि टीव्हीच्या मागची भिंत काळी होते.

स्वस्त अडॅप्टरमध्ये एमओव्ही नसतोच. त्यात ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर. त्याच्यावर ५३७ आले की डोकं फुगतं, वरच्या फुलीच्या खाचेतून वाफ येते, खोलीत तो ओळखीचा वास. एलईडी बल्बाचंही तेच.

दुरुस्ती करणाऱ्यांना एक विनंती: फक्त फ्यूज बदलून सेट परत देऊ नका. एमओव्ही तडकून आतून तुटलेला (ओपन) असेल तर नवीन फ्यूजवर टीव्ही चालू होतो, गिऱ्हाईक खूश, आणि पुढच्या वेळी वाचवायला कोणी नाही. दोन्ही बदलायचे, त्याच नंबरचे. मग १०० वॅटच्या सिरीज बल्बवर (सेटच्या लाईनमध्ये एकापाठी एक जोडलेल्या) लावायचं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कॅपॅसिटर भरला, पुढे शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर ब्रिज किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर गेला. सिरीज बल्ब साधा तारेचाच हवा, एलईडी नव्हे.

माडाखाली

प्रश्न बाळबोध वाटेल. आमच्या डीबीत (वितरण बोर्डात) बिल्डरनं एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसवून दिलाय, त्याची स्थिती दाखवणारी खिडकी हिरवी आहे. मग न्यूट्रल तुटला तर तो वाचवणार नाही का? सर्ज प्रोटेक्शनच ना ते?

मेगरवाली

बाळबोध अजिबात नाही, सगळा घोळ इथेच आहे. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो.

वीज कोसळली किंवा लाईनवर मोठं स्विचिंग झालं तर जी लाट येते ती काही हजार व्होल्टची, पण मायक्रोसेकंदांत संपणारी. एसपीडी तिच्यासाठी. टाईप २ (घराच्या बोर्डात बसणाऱ्या) एसपीडीची परीक्षा ८/२० लाटेवर होते: ८ मायक्रोसेकंदांत शिखर, २० व्या मायक्रोसेकंदाला निम्मी. न्यूट्रल तुटल्यावर येतं ते ३५०-३८० व्होल्ट, लाटेच्या मानानं किरकोळ, पण मिनिटं न् मिनिटं टिकणारं. एसपीडीच्या आतही एमओव्हीच असतो. तो क्षणात हजारो अँपिअर गिळतो, पण तासभर शेगडीसारखा तापत राहू शकत नाही. आतला थर्मल डिस्कनेक्टर (तापल्यावर सुटणारा जोड) सुटतो, खिडकी लाल होते, आणि घराला ३८० व्होल्ट तसेच मिळत राहतात.

एसपीडीच्या अंगावर यूसी छापलेलं असतं, त्याची कायमची एसी मर्यादा. २७५, ३२० आणि ३८५ असे प्रकार मिळतात. वाडीवरच्या घरात, जिथे न्यूट्रलची खात्री नाही, तिथे ३८५ घ्यावा. तो न्यूट्रल तुटल्यावर बहुधा तग धरतो. बदल्यात त्याची यूपी, म्हणजे लाट अडवल्यानंतर उरणारं व्होल्टेज, थोडी चढते: १.५ किलोव्होल्टच्या जागी १.८ वगैरे. फ्रीज-वॉशिंग मशीनसारखी उपकरणं २.५ किलोव्होल्टची लाट सोसतील अशी बनवलेली असतात, त्यामुळे चालतं. नाजूक इलेक्ट्रॉनिक्सजवळ आणखी एक टाईप ३ (उपकरणाशेजारचा छोटा एसपीडी) बसवता येतो.

न्यूट्रल तुटण्यावर औषध एकच, व्होल्टेज रिले (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारा). त्यावर थ्रीफेज_बाब लिहितील.

थ्रीफेज_बाब

रिलेच्या आधी ३८० येतात कुठून ते समजून घ्या, म्हणजे पुढची सेटिंग्ज कळतील.

खांबावर तीन फेज (जिवंत तारा), एक न्यूट्रल. तुमच्या घराला एक फेज, शेजाऱ्याला दुसरा. न्यूट्रल शाबूत असताना दोघांनाही २३०. तो ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एकापाठी एक जोडली जातात आणि दोन फेजमधले ३९८ व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी समान नसते.

तुमच्याकडे १०० वॅट चालू आहेत: ५२९ ओहम. शेजाऱ्याकडे २००० वॅटचा गीझर: साधारण २६.५ ओहम. बेरीज ५५५, करंट ०.७२ अँपिअर. तुमच्या वाट्याला ३७९ व्होल्ट, शेजाऱ्याच्या वाट्याला १९. ज्याचा लोड कमी त्याच्या डोक्यावर व्होल्टेज जास्त. म्हणून पहाटे फक्त वायफाय आणि फ्रीज चालू असलेलं घर आधी भाजतं, आणि आंघोळीचं पाणी तापवणाऱ्याला वाटतं लाईट डीम झाली.

यातून निघणारी कामाची गोष्ट: दिवे भडकलेले दिसले की लोक धावत जाऊन एकेक स्विच बंद करतात, प्लग उपटतात. प्रत्येक लोड कमी केल्यावर घराचा रेझिस्टन्स वाढतो आणि उरलेल्यांवर व्होल्टेज आणखी चढतं. शेवटी राहिलेल्या बिचाऱ्या अडॅप्टरवर पूर्ण मार. थेट मेन पाडायचा, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

गीझर किंवा इस्त्री चालू असलेल्या घरावर जास्त व्होल्टेज आलं तर तेही वाईट. वॅटेज व्होल्टेजच्या वर्गानं वाढतं. २००० वॅटचं एलिमेंट ३८० व्होल्टला ५४६० वॅट ओढतं, करंट १४.४ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी हे बघून गप्प बसतो, त्याला व्होल्टेज कळत नाही. आरसीसीबीलाही नाही, तो फक्त गळती मोजतो. आपल्या डीबीत पाच हजारांचे ब्रेकर असतील, तरी या प्रसंगात एकही पडेलच असं नाही.

खांब_नं_१७

बाबांचं बरोबर. भर एवढीच की न्यूट्रल फक्त खांबावर तुटतो असं नाही.

जुन्या पोर्तुगीज काळच्या घरांत बॅटन वायरिंग आणि लाकडी बोर्डावर फेजला एक, न्यूट्रलला एक असे किटकॅट फ्यूज असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. सिंगल फेज घरात न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर लाईट गेल्यासारखी वाटते, पण सगळ्या पॉइंटवर फेज जिवंत असतो. बल्ब बदलायला गेलेला माणूस चिकटतो. घर थ्री फेज असेल तर त्याहून वाईट: न्यूट्रलचा फ्यूज उडाला की वर बाबांनी मांडलेलं गणित घरातल्या घरात. न्यूट्रलला फ्यूज नको, तिथे कॉपर लिंक (तांब्याची पट्टी). फोर पोल स्विच (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र तोडणारा) घेतला तर न्यूट्रलचा पोल आधी लागणारा आणि शेवटी सुटणारा हवा.

फ्लॅटवाल्यांना वाटतं हे वाडीवरचं दुखणं. पर्वरी, म्हापसा, वास्को, मडगाव, कुठेही मीटर रूमच्या पॅनलमध्ये न्यूट्रलची अॅल्युमिनियम बसबार आणि तिच्यावर तांब्याची केबल थिंबलशिवाय (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) आवळलेली दिसेल. दोन धातू, मध्ये दमट खारी हवा. जोडावर पांढरी भुकटी येते, बोल्ट सैल होतो, जोड तापतो. बायमेटॅलिक (दोन धातूंचं) थिंबल आणि वर्षातून एकदा पुरवठा बंद करून टॉर्क पानानं सगळे बोल्ट तपासणं, हा सोसायटीचा खर्च लिफ्टच्या मेंटेनन्सच्या मानानं काहीच नाही.

तुटायच्या आधी न्यूट्रल इशारा देतो. गीझर लावला आणि तुमचे दिवे मंदावले, तर सर्व्हिस वायर बारीक किंवा तुमचाच जोड सैल. पण कुणाच्या तरी मोठ्या लोडला तुमचे दिवे उजळले, तर सामाईक न्यूट्रल सुटत आलाय. ताबडतोब १९१२ वर तक्रार, खांबाचा नंबर सांगून. पावसात खांबावर जोडाशी ठिणगी दिसत असेल तर तेही सांगा. "लाईट वर-खाली होते" एवढंच सांगितलं तर लाईनमन फ्यूज बघून परत जातो. "न्यूट्रलचा जोड तपासा" असंच म्हणा. खांबावर किंवा सर्व्हिस वायरला खाजगी वायरमननं हात घालायचा नाही.

थ्रीफेज_बाब

आता रिले. दुकानात "ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर" मागा, डीन रेलवर (बोर्डातल्या पट्टीवर) बसणारा, समोर आकडे दिसणारा, ४० किंवा ६३ अँपिअरचा. कॅटलॉगमध्ये दोन गोष्टी बघा: स्वतः किती व्होल्ट सोसतो (४०० च्या वर हवा, नाहीतर पहिला तोच मरेल) आणि आतला रिले खरंच तेवढ्या करंटचा आहे का. स्वस्तातले "६३" आतून तेवढे नसतात, गीझर आणि एसी एकदम चालले की कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटलेला रिले समोर ३८० दाखवतो आणि तोडत काही नाही. शंका असेल तर ४० अँपिअरचा कॉन्टॅक्टर (कॉइलनं चालणारा मोठा स्विच) बसवा आणि रिलेनं फक्त त्याची कॉइल चालवा.

जागा: मेन आयसोलेटरनंतर (मेन स्विचनंतर), आरसीसीबीच्या आधी. एसपीडी रिलेच्याही आधी, म्हणजे लाट आली तर रिलेचं इलेक्ट्रॉनिक्सही वाचेल. थ्री फेज घरात थ्री फेजचाच रिले हवा, एका फेजवर सिंगल फेजवाला बसवून समाधान मानू नका.

सेटिंग: वर २६५, खाली १७५, परत लागायचा उशीर १८० सेकंद. शेवटचा आकडा फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरसाठी, बंद पडल्यावर आतला गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो.

सत्तरीचा_पाऊस

२६५ का? २५० वर ठेवला तर जास्त सुरक्षित नाही का? आमच्या वायरमननं २५० सांगितलं.

थ्रीफेज_बाब

ट्रान्सफॉर्मरच्या जवळ घर असेल तर रात्री दोननंतर २५० आरामात दिसतात, लोड नसतो. मग रिले रोज रात्री पाडेल आणि चार दिवसांत घरातली माणसं त्याला बायपास करून मोकळी होतील. बायपास केलेला रिले म्हणजे नसलेलाच. लाईनच्या शेवटाला असलेल्या घरात उलट: चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळ्या वाड्यावर रोषणाई, मिक्सर, पंप, तेव्हा १८० पर्यंत उतरतं. आधी मल्टीमीटरनं पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी सातला व्होल्टेज लिहून काढा, मग सेटिंग ठरवा. अडॅप्टर बहुतेक २६४ व्होल्टपर्यंत चालतील असे बनवलेले असतात, म्हणून २६५ ला अर्थ आहे. २८० ला नाही.

चाचणीला व्हेरिअॅक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लागत नाही. समोर २३६ दिसत असतील तर वरची मर्यादा तात्पुरती २३० करा. रिलेनं लगेच तोडलं पाहिजे आणि पुढचे दिवे विझले पाहिजेत. नुसता आकडा लाल होऊन दिवे तसेच राहिले तर कॉन्टॅक्ट चिकटलाय. मग मर्यादा परत जागेवर. पावसाआधी एकदा, चवथीआधी एकदा करावं.

सत्तरीचा_पाऊस

पटलं. आमच्याकडे न्यूट्रलपेक्षा विजेचा त्रास जास्त. मे महिन्याची दुपार आणि ऑक्टोबरची संध्याकाळ, घाटाच्या बाजूनं ढग उतरला की काही ना काही जातं. एसपीडी असूनसुद्धा. त्याचं कारण काय असावं?

मेगरवाली

दहातल्या नऊ वेळा तार लांब. लोक एसपीडी हजारोंचा घेतात आणि डीबीच्या कोपऱ्यात रिकामी जागा दिसली म्हणून तिथे बसवतात. फेजपासून एसपीडीपर्यंतची आणि एसपीडीपासून अर्थ बारपर्यंतची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. एक मीटर तारेचं इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. लाटेत करंट मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर वेगानं चढला तर त्या एका मीटरवरच एक किलोव्होल्ट उभा राहतो. दीड मीटर तार असेल तर १.५ चा एसपीडी प्रत्यक्षात ३ किलोव्होल्टचा होतो, आणि उपकरण २.५ चं. तार जाड केल्यानं हे सुटत नाही, आखूडच करावी लागते. सुंदर गोल वळणं काढून टायनं बांधलेली तार दिसली की आधी ती कापायची. तांबं किमान ६ चौरस मिलिमीटर, टाईप १ (थेट विजेच्या माऱ्यासाठीचा) असेल तर १६.

दुसरं, आपल्याकडे घराचा अर्थ स्वतंत्र असतो. अशा ठिकाणी एसपीडी "१+१" जोडणीचा हवा: फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही, न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप (लाट आली तरच ठिणगीनं जुळणारी फट). थ्री फेजला "३+१". आणि आरसीसीबीच्या आधी, नाहीतर प्रत्येक गडगडाटाला आरसीसीबी पडतो, फ्रीजरमधल्या मासळीचं वाटोळं.

तिसरं, लाट फक्त मेनमधून येत नाही. छपरावरच्या डिशची कोॲक्स, गेटवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल, विहिरीवरच्या पंपाची केबल, सगळे दरवाजे उघडे. फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण वरून आलेल्या ड्रॉप केबलला बाजूनं पोलादी तार असते. ती घराबाहेरच्या हुकापाशी सोलून तिथेच थांबवायची, राऊटरपर्यंत न्यायची नाही. खालच्या आणि वरच्या मजल्याला जोडणारी लांब लॅन केबल असेल तर तिथे फायबर टाका. पंपाच्या स्टार्टरला स्वतःचा एसपीडी.

आणि ढग डोक्यावर असताना प्लग काढलेला सर्वांत उत्तम. नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विचच्या फटीपेक्षा कितीतरी मोठी उडी वीज मारून आलेली असते.

चिरेबंदी

अर्थिंगवर कुणी लिहिलं नाही अजून, तेवढं घेतो. इथली जमीन जांभ्याची. ऑगस्टमध्ये मीटर लावला तर कुठलाही अर्थ चांगला दाखवतो. खरी परीक्षा मेमध्ये, जांभा कोरडा ठणठणीत झाल्यावर.

मीठ-कोळशाचा खड्डा, त्यात ४० मिमीचा अडीच मीटर जीआय पाईप, ही जुनी पद्धत चुकीची नाही, पण आपल्या पावसात मीठ दोन-तीन वर्षांत धुऊन जातं आणि तेच मीठ पाईप खातं. समुद्राकडच्या गावांत तर पाईपपेक्षा वरचा क्लॅम्प आधी जातो. नवीन करत असाल तर तीन मीटरचा कॉपर बॉन्डेड रॉड, त्यावर २५० मायक्रॉन तांबं. जांभ्यात ठोकून जात नाही, ठोकला तर तांबं सोलतं. १०० ते १५० मिमीचं भोक ड्रिल करून मध्ये रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) पाण्यात कालवून ओतायचं, चिऱ्याचे तुकडे परत टाकायचे नाहीत. पायापासून किमान दीड मीटर लांब. मोरीचं पाणी केळीला जातं तिथे जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. एका रॉडनं भागलं नाही तर दुसरा सहा मीटरवर, शेजारी शेजारी दोन लावून उपयोग नाही.

मोजणी तीन खुंट्यांच्या मीटरनं: करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची त्याच रेषेत साधारण १८.५ मीटरवर. मधली खुंटी मीटर-दोन मीटर पुढेमागे सरकवून आकडा फारसा हलला नाही तर मोजणी बरोबर. मेमध्ये ५ ओहमच्या आत आला तर उत्तम, १० पर्यंत घराला चालून जातं.

दोन जुगाड ताबडतोब काढा. एक, नळाच्या जीआय पाईपला बांधलेला अर्थ. पुढे प्लंबिंग पीव्हीसी झालं आणि अर्थ हवेत लोंबकळतोय हे कुणाच्या लक्षातही नाही. दुसरा जिवावरचा: सॉकेटमध्ये अर्थच्या पिनला न्यूट्रलवरून तार मारलेली. खांबावरचा न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या बॉडीवर फेज येतो. आरसीसीबीच्या पुढे असं केलेलं असेल तर त्यालाही हे कळत नाही, कारण त्याच्या लेखी करंट न्यूट्रलमधूनच परत चाललाय.

खांब_नं_१७

यावर एक पुस्ती. "अर्थ नीट नाही तर आरसीसीबी निरुपयोगी" असं बरेच वायरमन सांगतात, ते चूक. ३० मिलिअँपिअरवर बॉडी ५० व्होल्टच्या खाली ठेवायला अर्थ १६६७ ओहमपर्यंत चालतो. फुटका अर्थ असला तरी आरसीसीबी बसवाच. आणि त्याचं टी बटण दाबून पडला म्हणजे अर्थ चांगला, हेही चूक. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये रेझिस्टर जोडतं, अर्थशी त्याचा संबंध नाही.

माडाखाली

मेन पाडला, लाईनमननं जोड करून दिला. आता परत चालू कसं करायचं? सगळे घाई करतात.

मेगरवाली

घाई नकोच. सगळे एमसीबी खाली, सगळे प्लग बाहेर. मीटरनंतर मल्टीमीटर (कॅट ३, ६०० व्होल्टचा) लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन २३० च्या आसपास, तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत. तिसरा पंधरा-वीस दाखवत असेल तर न्यूट्रल किंवा अर्थ अजून धड नाही, लाईनमनला परत बोलवा.

मग इन्सुलेशन, मेन बंद ठेवून. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर), फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी. एक मेगाओहमच्या वर हवं. मेगर लावायच्या आधी एसपीडीची कार्ट्रिज (बैठकीतून निघणारा मॉड्यूल) बाहेर काढा आणि व्होल्टेज रिले सुटा करा. नाहीतर कार्ट्रिज खोटा कमी आकडा दाखवेल आणि तुम्ही भिंत फोडायला घ्याल, रिलेचं सर्किट तर मेगरच मारेल.

मग पुरवठा देऊन एकेक एमसीबी. आधी दिव्यांचा, मग पंख्यांचा, शेवटी पॉवरचा. प्रत्येकानंतर पाच मिनिटं थांबून स्विचबोर्डाला नाक लावा. प्लग लावायच्या आधी प्रत्येक अडॅप्टर हलवून बघा. आत काही खुळखुळलं किंवा तळ फुगलेला दिसला तर तो सरळ टाकून द्या. फ्रीज सगळ्यांत शेवटी.

सिरीज_बल्ब

वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह चालू झाले तरी आठवडाभर लक्ष ठेवा. मार बसलेला कॅपॅसिटर लगेच मरत नाही. बोर्डातून बारीक शिट्टीसारखा आवाज, किंवा चालू व्हायला दोन-तीनदा बटण दाबावं लागणं, ही त्याची लक्षणं. तेव्हाच बदलला तर कॅपॅसिटरवर भागतं, नंतर बोर्ड.

माडाखाली

शेवटचा प्रश्न. एसपीडीची एक खिडकी लाल दिसली तर पूर्ण एसपीडी बदलायचा की नुसती कार्ट्रिज? दुकानदार पूर्ण घ्या म्हणतोय.

मेगरवाली

खालची बैठक काळवंडली किंवा वितळली नसेल तर नुसती कार्ट्रिज. त्याच बनावटीची, यूसी आणि किलोअँपिअरचा आकडा तोच. मेन पाडून काढा. "१+१" मध्ये फेजचा मॉड्यूल आणि न्यूट्रल-अर्थचा मॉड्यूल दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे, अदलाबदल चालत नाही. बहुतेक बनावटींत दोघांच्या खाचा वेगळ्या ठेवलेल्या असतात, बसत नसेल तर जोर लावू नका, हातातला मॉड्यूल चुकीचा आहे.